परिचारिकेची नोकरी : मुलाखत, कागदपत्रे आणि पगाराचा भाव

आमचा धंदा कापडाचा. ग्रे ताक्याचा भाव, सुताची तेजी-मंदी आणि उधारीची वसुली यांपलीकडे आम्ही बोलायला लागलो की मित्रमंडळी हसतात. तेव्हा आज परिचारिकेच्या नोकरीवर आम्ही लिहितो आहोत हे पाहून त्यांना आणखी हसू येईल. पण मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा मागाच्या गावांतल्या वाचकांनी आपापल्या गल्लीत नजर टाकावी. आमच्या एका गल्लीत चार मुली नर्सिंग शिकलेल्या आहेत. त्यांचे बाप मागावर, भाऊ सायझिंगमध्ये किंवा दुकानात. घरात दवाखान्याची नोकरी कोणी केलेली नाही, त्यामुळे मुलाखत कशी असते, कोणते कागद कोणाला द्यायचे आणि कोणाला द्यायचे नाहीत, पगार कसा बोलायचा, हे त्यांना सांगणारे कोणी नाही. जे सांगतात ते आमच्यासारखे. आणि आम्ही काय घोळ घातला ते आधी ऐका.

आमची भाची जीएनएम पास झाली तो २०१८ चा काळ. नाशिकच्या एका रुग्णालयातून मुलाखतीचा निरोप आला. मेहुणे मागावरून सुटू शकत नव्हते, म्हणून आम्ही तिला घेऊन गेलो. बाहेर बसायचे सोडून आम्ही आत गेलो आणि खुर्ची ओढून बसलो. मेट्रनबाईंनी विचारले, "रात्रपाळी जमेल का?" उत्तर आम्ही दिले. "पगाराची अपेक्षा काय?" तेही आम्हीच सांगितले. तिसऱ्या प्रश्नाला बाईंनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "काका, वॉर्डात तुम्ही उभे राहणार की ही?" परतीच्या एसटीत भाची खिडकीबाहेर बघत होती. आम्ही चांदवडला चहा घेऊन दिला, तो तिने घेतला नाही. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

त्या दिवसानंतर आम्ही या विषयाची माहिती काढायला लागलो. जी खात्रीची आहे तेवढी येथे देतो.

कोणते शिक्षण, कोणती नोंदणी

एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. एएनएम आणि जीएनएमला बारावी कला शाखेची मुलगीही जाऊ शकते, बी.एस्सी.ला मात्र भौतिक, रसायन आणि जीव हे तिन्ही विषय लागतात आणि प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक करून बी.एस्सी.ची पदवी घेता येते, तेव्हा कला शाखेच्या मुलीला पुढची वाट बंद नाही. मुलगेही या कामात आहेत. एम्ससारख्या केंद्राच्या रुग्णालयांसाठी २०२० पासून नॉरसेट नावाची एकच परीक्षा होते. तिच्यातून लागलेल्या नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. ज्या घरात मुलगी अभ्यासू आहे तेथे आधी या परीक्षेचा विचार व्हावा.

कॉलेजचा दाखला हातात आला म्हणजे काम झाले, असे आमच्या मेहुण्यांना वाटले होते. तसे नसते. मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. दर पाच वर्षांनी त्या नोंदणीचे नूतनीकरण होते, आणि त्यासाठी मधल्या काळात केलेल्या प्रशिक्षणाचे तास दाखवावे लागतात. जीएसटी क्रमांकाशिवाय माल पाठवावा, तशी नोंदणीशिवायची नोकरी. आज चालून जाते, उद्या अडकते. प्रयोगशाळा, क्ष-किरण, ऑपरेशन थिएटर यांच्या तंत्रज्ञांसाठीही २०२१ साली केंद्राने वेगळा कायदा केला आहे, म्हणून त्या मुलांनीही नोंदणीकडे लक्ष ठेवावे.

नावाचा घोळ

येथे थोडे थांबतो, कारण हा त्रास आपल्याच घरांत जास्त आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दूत मुहम्मद लिहायचे तर मीम, हे, मीम, दाल. एकदा लिहिले की विषय संपला. तेच नाव इंग्रजीत उतरवताना शाळेचा कारकून एक स्पेलिंग लावतो, आधारवाला दुसरे आणि पासपोर्टवाला तिसरे. कोणी नुसते एम आणि डी लिहितो, मग पोरगी नर्स आणि बाप डॉक्टर होऊन बसतो! शेखचे शैख होते. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. आमच्या भाचीच्या दाखल्यावर "बानो" होते आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर नव्हते.

दुकानात बिलावर नाव चुकले तर आपण खोडून सही करतो. येथे तसे चालत नाही. परदेशी जायचे तर प्रत्येक कागद मूळ ठिकाणी पाठवून तपासला जातो. म्हणून नर्सिंगला प्रवेश घेण्याआधी, निदान कौन्सिलच्या नोंदणीआधी, शाळेचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून पाहावे. फरक असेल तर शाळेची नोंद दुरुस्त होते का ते विचारावे. नाव बदलायचेच असेल तर राज्य सरकारच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे आणि त्या राजपत्राच्या प्रती जपून ठेवाव्यात. हे काम बारावीनंतरच्या सुट्टीत निघून जाते. नोकरीच्या घाईत तेच काम महिने खाते.

मुलाखतीत काय विचारतात

परिचय विचारतात तेव्हा मुली वडिलांचे नाव, गाव आणि छंद सांगतात. मेट्रनला छंद नको असतो. कुठून शिकलात, कोणत्या वॉर्डात किती महिने काम केले, एका पाळीत किती पेशंट सांभाळले, कोणते काम स्वतःच्या हाताने केले, हे तिला ऐकायचे असते. "मी प्रसूती वॉर्डात तीन महिने होते" एवढे म्हणून थांबू नये. तेथे बाळाचे वजन घेतले, आईचा रक्तस्राव पाहिला, नोंद ठेवली, असे जे केले ते सांगावे. जे केले नाही ते मात्र सांगू नये. पुढच्या प्रश्नात पकडले जाते.

मग हिशेब येतो, आणि येथे व्यापाऱ्याच्या घरातल्या मुलीने मागे राहू नये. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचे आहे. सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. मिनिटाला किती थेंब लावाल? ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. चार तासांची २४० मिनिटे. भागले की साधारण ४२. लहान मुलांसाठी बारीक थेंबांचा सेट असतो, त्यात मिलिलिटरला ६० थेंब. तेथे तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब, गणित करायचीही गरज नाही. इंजेक्शनचा हिशेबही असाच. जेंटामायसिनच्या २ मिलिलिटरच्या बाटलीत ८० मिलिग्रॅम औषध आहे आणि डॉक्टरांनी ६० लिहिले आहे, तर दीड मिलिलिटर. आम्ही दुकान वाढवल्यावर गादीवर बसून भाचीला असे हिशेब घालायचो. सुरुवातीला ती कॅल्क्युलेटर मागायची. महिन्याभराने आमच्या मुनीमजींच्या आधी उत्तर द्यायला लागली. कापडात मीटर चुकला तर आपण गिऱ्हाइकाला पुढच्या बिलात वळते करून देतो. औषधात वळते करता येत नाही, हे तिनेच आम्हाला सुनावले.

औषध देण्याचे पाच नियम हमखास विचारतात: बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. हात केव्हा धुवायचे तेही विचारतात. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर, आणि पेशंटच्या खाटेला किंवा सामानाला हात लावल्यावरसुद्धा. हा शेवटचा मुद्दा पुष्कळ जणी विसरतात. कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांत ठरले आहेत. रक्ताने माखलेला कापूस आणि पट्ट्या पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. सूताच्या कोनांवरच्या रंगखुणा आपल्या मुलांना तोंडपाठ असतात, त्या मानाने हे चारच रंग आहेत.

सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच असतो. "तुमच्या हातून एका पेशंटचे औषध दुसऱ्याला गेले. काय कराल?" भाचीने पहिल्यांदा आम्हाला उत्तर दिले, "मामू, माझ्याकडून असे होणारच नाही." हे उत्तर म्हणजे नापास. मेट्रनला माहीत असते की चूक कोणाकडूनही होते. लपवणारी बाई तिला नको असते. आधी त्या पेशंटजवळ जाऊन नाडी, श्वास, रक्तदाब पाहीन. लगेच डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरना कळवीन. ते सांगतील तसे करीन. घडले ते वेळेसह लिहून ठेवीन आणि रुग्णालयाचा घटना नोंदीचा फॉर्म भरीन. ज्याचे औषध राहिले त्याचीही व्यवस्था पाहीन. एवढे शांतपणे सांगता आले पाहिजे.

भाषेचे सांगायलाच हवे. उर्दू माध्यमातल्या मुलींना वाटते की इंग्रजी येत नाही म्हणून आपण मागे पडतो. इंग्रजी लागतेच, औषधांची नावे आणि नोंदी इंग्रजीत असतात. पण नाशिक-पुण्याच्या वॉर्डात खाटेवरची म्हातारी इंग्रजी बोलत नाही. ती म्हणते, "बाई, पोटात कळ येतीय", "पाय ठणकतोय", "लघवीला आग होते", "हाताला मुंग्या येतात", "छातीत भरून आलंय". कळ येणे, ठणकणे आणि चरचरणे यांतला फरक ज्या परिचारिकेला कळत नाही ती डॉक्टरांना काय सांगणार? आम्ही मराठी शाळेत शिकलो नाही, गल्ल्यावर शिकलो. शेतकरी गिऱ्हाईक लुगड्याच्या पोताबद्दल काय म्हणते ते कळले नाही तर विक्री होत नव्हती, म्हणून शिकलो. भाचीला आम्ही एक वही करायला सांगितली. पेशंटच्या तोंडचा मराठी शब्द एका बाजूला, त्याचा अर्थ उर्दूत आणि डॉक्टरी शब्द इंग्रजीत. पुढच्या मुलाखतीत एका डॉक्टरांनी ती वही हातात घेऊन चाळली.

काही प्रश्नांची उत्तरे घरातच ठरवून जावीत. रात्रपाळी करणार का, ने-आण कशी होणार, वसतिगृहात राहणार का. मुलाखतीत "अब्बूंना विचारून सांगते" म्हटले की फाइल बंद होते. गणवेशाचेही रुजू होण्याआधीच मोकळेपणाने विचारावे. डोक्यावर स्कार्फ चालतो का, बाह्या किती लांब. अतिदक्षता विभागात कोपरापासून खाली हात उघडे ठेवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी असते, कारण जंतू बाहीच्या कापडाने एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात. आम्ही कापडवाले, पण ही गोष्ट आम्हाला पटली. कोणत्या विभागात काय नियम आहे ते आधी कळले म्हणजे नंतर वाद होत नाही.

मूळ कागद आणि बॉण्ड

आता आमची दुसरी चूक. २०१८ च्या अखेरीस भाचीला एका खासगी नर्सिंग होममध्ये काम मिळाले. त्यांनी दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतला आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली. आम्ही सोबत होतो. आम्हाला त्यात गैर वाटले नाही. व्यापारात आपण अनामत ठेवतोच की. पावतीसुद्धा मागितली नाही. आयुष्यभर पावतीशिवाय एक ताका न दिलेला माणूस, आणि पोरीच्या तीन वर्षांची कमाई आम्ही त्यांच्या कपाटात ठेवून आलो.

वर्षभराने तिला मोठ्या रुग्णालयातून बोलावणे आले. तेथे मूळ कागद दाखवायचे होते. नर्सिंग होम म्हणाले, उरलेल्या काळाचे पैसे भरा, मग कागद न्या. आम्ही गेलो, भांडलो, विनंत्या केल्या. कागद हातात यायला आठ महिने लागले, तेही वकिलाची नोटीस गेल्यावर. तोपर्यंत ती जागा भरली होती. आमची बहीण त्यावर आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

म्हणून लिहून ठेवा: मूळ प्रमाणपत्रे दाखवायची असतात, जमा करायची नसतात. साक्षांकित प्रती द्याव्यात. मूळ पाहिल्याशिवाय चालत नसेल तर समोर बसून दाखवावीत आणि परत घेऊन उठावे. बॉण्डवर सही करण्याआधी मुदत किती, सोडल्यास रक्कम किती, नोटीस किती दिवसांची, हे वाचावे आणि एक प्रत घरी आणावी. नोकरी सोडताना अनुभवाचे पत्र घ्यावे. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विभाग आणि पद स्पष्ट हवे.

पगाराचा भाव

भाव न बोलता माल देणारा व्यापारी आम्ही पाहिला नाही, पण मुलीच्या पगाराबाबत तेच व्यापारी "जे द्याल ते" म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या हलाखीची दखल घेऊन केंद्राला समिती नेमायला सांगितले. त्या समितीने शिफारस केली ती अशी: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार, १०० च्या वर खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही २०,००० रुपयांच्या खाली नाही. ही शिफारस आहे, त्यामुळे ती दाखवून वसुली करता येत नाही आणि पुष्कळ छोटी ठिकाणे ती पाळत नाहीत. पण बोलणी कुठून सुरू करायची ते तिच्यावरून कळते. मुलाखतीआधी रुग्णालयात किती खाटा आहेत ते विचारून ठेवावे. पगाराचा आकडा ऐकला की मूळ वेतन किती, प्रॉव्हिडंट फंड कापला जातो का, रात्रपाळीचे वेगळे मिळते का, आठवड्याची सुट्टी कोणती, हे विचारावे. नवख्या मुलीने पहिल्या वर्षी चांगल्या अतिदक्षता विभागातले शिक्षण मिळत असेल तर दोन पैसे कमी घ्यावेत, असे आमचे मत आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही.

आखाती देश आणि एजंट

२०२३ मध्ये एक एजंट मेहुण्यांच्या घरी येऊन गेला. आखातातली नोकरी, पगार एवढा, राहणे फुकट. फक्त आधी काही लाख द्यायचे. मेहुणे दोन माग विकायला निघाले होते. गिऱ्हाईकही ठरले होते.

त्या रात्री आम्ही त्यांना कोचीची हकिगत सांगितली. कुवेतच्या आरोग्य खात्यासाठी परिचारिका भरण्याचे काम तेथल्या एका कंपनीकडे होते. सेवाशुल्क ठरले होते १९,५०० रुपये. घेतले माणशी १९ लाख ५० हजार. मेहुण्यांनी विचारले, "दोन शून्ये जास्त?" होय, दोन शून्ये. २०१५ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला, आणि परदेशी जाणाऱ्यांचे रक्षण करायला नेमलेला सरकारी अधिकारीही त्यात अडकला. त्याच वर्षी केंद्राने नियम केला की आखाती देशांसह १८ देशांपैकी कोठेही नोकरीला जाणाऱ्या परिचारिकेला, दहावी पास असली तरी, ई-मायग्रेट प्रणालीतून मंजुरी घ्यावी लागेल आणि तिची भरती नेमून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फत होईल. सुरुवातीला केरळच्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक या दोन संस्था होत्या, मग तामिळनाडूसारख्या इतर राज्यांच्याही आल्या. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. व्हिजिट व्हिसावर जा, तेथे बदलून देऊ, असे कोणी म्हणाला तर त्याला चहा पाजून रवाना करावे. शंका असेल तर मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सच्या कार्यालयात जाऊन एजंटाचा परवाना क्रमांक दाखवावा.

खरी तयारी वेगळी असते. दुबई, अबुधाबी, सौदी, कतार यांची आपापली परवाना परीक्षा आहे. परवान्यासाठी डेटाफ्लो नावाची तपासणीही होते. कॉलेज, कौन्सिल आणि जुन्या रुग्णालयाला परस्पर पत्र जाते. नावाचे अक्षर, अनुभवाच्या तारखा, जुन्या मालकाशी संबंध, हे सगळे तेव्हा बाहेर येते. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात, तोही सलग असला तर सोपे जाते.

भाची २०२१ पासून एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहे. त्या मुलाखतीला ती एकटी आत गेली, आम्ही बाहेर फाटकाजवळ रसवंतीवर बसलो होतो. आता ती परवाना परीक्षेचा अभ्यास सुट्टीच्या दिवशी करते. शुल्क स्वतःच्या पगारातून भरणार आहे. मूळ कागदांची फाइल आमच्या दुकानाच्या तिजोरीत असते. न्यायची असली की ती वहीत सही करून नेते आणि परत ठेवताना आमची सही घेते. मेहुण्यांचे दोन्ही माग चालू आहेत.